पत्र्यावर वाळत घातलेला लॅपटॉप

उदगीरपासून थोडं आत आमचं गाव आणि गावात आमची पिठाची गिरणी. गिरणी म्हटलं की लोकांना वाटतं, मालक लोक असतील. मालक म्हणजे आमचे अप्पा, कामगार म्हणजे अप्पा आणि मोटर जळाली तर डोक्याला हात लावून बसणारेही अप्पाच. तीन बाजूंनी पत्रा, वर पत्रा, एक दार. सकाळी आंघोळ करून ते कपाळाला विभूती लावायचे. पाच-सहा डबे दळून झाले की विभूती कुठली आणि पीठ कुठलं हे ओळखू यायचं नाही. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकातून निघायचं तेही पांढरं.

आमच्या घरची भाकरी एका धान्याची कधी नसायची. दिवस संपला की माय गिरणीतलं खाली सांडलेलं पीठ झाडून घ्यायची, दोनदा चाळायची आणि त्याच्या भाकऱ्या थापायची. त्यात कुणाची ज्वारी, कुणाचा गहू, कुणाची हरभऱ्याची डाळ. साऱ्या गावाची भाकरी आम्ही खाल्ली. तिला चव अशी नव्हती, आणि दाताखाली कधीतरी जात्याच्या दगडाची कच यायची. शाळेत माझ्या वेणीत पीठ दिसलं की पोरी "आजीबाई आल्या" म्हणायच्या. मला त्याची लाज वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पण अभ्यासात त्यातली एकही माझ्या पुढे गेली नाही, हेही सांगून टाकते.

अप्पांचा खोकला मी लहान असल्यापासूनचा. मी नांदेडला बी.एस्सी. कॉम्प्युटरला गेले तेव्हा तो वाढला होता. दुसऱ्या वर्षाला असताना मी त्यांना लातूरला दवाखान्यात नेलं. छातीचे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की छातीत पीठ बसलंय, बसलेलं निघत नाही, नवीन बसू देऊ नका, गिरणी सोडा. अप्पा डॉक्टरांकडे बघत होते पण बोलले माझ्याशी.

"तुझी डिग्री हातात येऊ दे. त्या दिवशी पट्टा उतरवतो."

पट्टा म्हणजे मोटरवरून जात्यावर जाणारा पट्टा. तो उतरवला की गिरणी संपली. डॉक्टर म्हणाले, डिग्रीला किती अवकाश आहे? मी सांगितलं. त्यांनी औषधं लिहून दिली. त्या दिवसापासून माझ्या परीक्षा माझ्या एकटीच्या राहिल्या नाहीत. एक विषय मागे राहिला तर अप्पांना तेवढे महिने जास्त पिठात उभं राहावं लागणार होतं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतं. एक प्रोग्राम स्वतः लिहायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे चालवून दाखवायचा. माझं प्रोजेक्ट मला लातूरच्या त्या दवाखान्यातल्या रांगेत सुचलं होतं. आमच्या गिरणीत माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. बाई डबा ठेवते, घरी जाते, स्वयंपाक करून येते, तिचा नंबर कुणी खात नाही. आणि दवाखान्यात दम लागलेली माणसं भिंतीला टेकून उभी. मी दवाखान्यातल्या नंबरांचा प्रोग्राम करायला घेतला. माणसानं नंबर लावून बाहेर बसावं, पाळी जवळ आली की फोनवर कळावं. सरांनाही तो पसंत पडला.

लॅपटॉप जुनाच होता, नांदेडच्या दुकानातून दुसऱ्या हाताचा घेतलेला. घरी आणला तेव्हा अप्पांनी हात धुतले, त्याच्या पाठीवर विभूतीची बोटं ओढली आणि मगच उघडू दिला. ती बोटं मी कधी पुसली नाहीत. मैत्रिणी हसायच्या, हसू दे.

परीक्षेआधीच्या सुट्टीत मी गावी आले. लग्नसराई, पापड-कुरडयांचे दिवस, गिरणीला दम नाही आणि अप्पांनाही नाही. मी म्हटलं, सकाळचं दळण मी बघते. तोंडाला ओला रुमाल बांधून मी दळायची आणि दुपारी तिथंच पोत्यांच्या थप्पीवर फळी टाकून लॅपटॉप उघडायची. घरात लाईट इतकी कमी असायची की चार्जरचा दिवासुद्धा डोळे मिटल्यासारखा लागायचा. गिरणीची लाईन वेगळी, तिथं करंट पुरेसा. मला वाटलं, झाकून ठेवलं की झालं. पण पिठाला झाकण ठाऊक नसतं.

आठवड्याभरात लॅपटॉप तापायला लागला. आतला पंखा आधी घरघरला, मग त्याचा आवाजच येईना. खालून हात लावला तर तव्यासारखा. मायनं हात लावून बघितला आणि तिला काळजी वाटली. आमच्याकडे उन्हाळ्यात काहीही तापलं, नासायला आलं, तर त्याची जागा एकच. माठाखालची वाळू. दूध तिथं, विड्याची पानं तिथं, अप्पांच्या औषधाची बाटली तिथं. माठाला गुंडाळलेलं पोतं दिवसभर ओलं असायचं. संध्याकाळी मी जेवायला बसले तेव्हा मायनं लॅपटॉप दुपट्यात गुंडाळून त्या पोत्याला टेकवून ठेवला. मला कौतुकानं सांगितलंही नाही, इतकं तिला ते साधं वाटलं.

सकाळी बटण दाबलं. काही नाही.

चार्जरचा दिवा लागत होता. लॅपटॉपचा लागेना. बॅटरी काढली, बटण बराच वेळ दाबून धरलं, नुसत्या चार्जरवर लावून बघितला. बॅटरी परत बसवली. दुसऱ्या बोर्डात लावला. कान लावून ऐकलं, पंख्याची साधी हालचाल नाही. बाहेर बायका डबे घेऊन आल्या होत्या. एकीनं दारातून वाकून विचारलं की काय करून राहिलीस. मी सांगितलं, चालू होईना.

"कॉम्प्युटर शिकायला नांदेडला गेली, अन् ह्येला चालू करता येईना व्हय?"

दुसरी म्हणाली, "दोन चापट्या हाण की. आमचा टीवी तसाच चालू व्हतो."

त्या हसल्या, मीही हसले. पण मी बटण दाबतच होते. प्रोग्राम त्यात होता. पेन ड्राइव्हवर होती ती दिवाळीच्या वेळची कॉपी, तीत नुसता सांगाडा. खरं काम नंतरचं, आणि गावात नेट असं की एक फोटो जायला चहा होऊन जायचा, त्यामुळं बाकी कुठं काही चढवलेलं नव्हतं. परीक्षकांची तारीख जवळ आलेली. दाखवायला काही नसेल तर वर्ष जाणार. वर्ष जाणार म्हणजे कुणाचं, ते अप्पांनाही कळलं होतं. ते खोकत खोकत आले आणि म्हणाले, आण इकडं.

मोटर बंद पडली की तपासायची अप्पांची रीत ठरलेली. आधी नाक. वायंडिंग जळालं असेल तर वास लपत नाही. मग पट्टा काढून हातानं फिरवून बघायचं, अडकते का. दोन्ही ठीक असेल तर ओल धरली म्हणायचं, मोटर खोलायची आणि उन्हात ठेवायची. पावसाळ्यात आमची मोटर अशी कितीदा तरी बरी झालेली मी बघितली आहे. त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांत धरला, जाळीला नाक लावलं, डोळे मिटून हुंगला. त्यांना दम लागला होता तरी त्यांनी वास पुन्हा घेतला.

"जळका वास न्हाई. म्हंजे जीव हाय यात. ओल धरलीय."

तेव्हा मायनं माठाचं सांगितलं. घर गिरणीला लागूनच, ती चुलीपुढं बसली होती, तिथूनच सांगितलं, आवाज अगदी बारीक. मी म्हणाले, राहू द्या, याला हात लावू नका, कदाचित चार्जरच खराब असेल, मी उदगीरहून दुसरा बघून येते. आणि मी सकाळची गाडी धरली. उदगीरला ओळखीच्या एका मुलीचा चार्जर मिळाला. परत यायला दुपार कलली.

गावात शिरतानाच गिरणीचा पत्रा दिसतो. त्या दिवशी पत्र्यावर माय आणि शेजारणीनं कुरडया घातल्या होत्या, पांढऱ्या शुभ्र, धोतरावर ओळीनं. त्यांच्या शेजारी दुसरं एक धोतर अंथरलेलं. त्यावर माझा लॅपटॉप, उघडा, पालथा. बाजूला बॅटरी सुटी करून ठेवलेली. मोटरचे भाग ठेवतात तसं सगळं नीट, एकमेकांना न लागता. शिडीच्या वरच्या पायरीवर अप्पा बसले होते. डोक्याला टॉवेल, हातात काठी. कावळे हाकलत होते.

उदगीर-लातूरकडचं ऊन ज्यानं बघितलंय त्याला पत्र्याचं सांगायला नको. मी शिडीखाली उभी राहून म्हणाले, "अप्पा, खाली या."

"अजून व्हायचंय. मोटरला दोन उन्हं द्यावी लागतात."

"ही मोटर न्हाई, अप्पा."

 त्यांनी धोतराची चारी टोकं गोळा करून गाठोडं छातीशी धरलं आणि एकेक पायरी उतरले. खाली आल्यावर त्यांना बोलता येईना इतका दम लागला होता. मी गाठोडं घेतलं. बॅटरी मधून फुगली होती, पोळीसारखी. लॅपटॉपचा एक कोपरा वाकला होता. विभूतीची बोटं मात्र तशीच होती. मी आणलेला चार्जर पिशवीतून काढलासुद्धा नाही.

मी त्या दिवशी त्यांना काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं काय? त्या छातीनं उन्हात दुपारभर बसलेल्या माणसाला काय बोलणार. आणि खरं सांगायचं तर मला राग इतका आला होता की तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी उदगीरच्या दुकानात नेला. तिथल्या माणसानं फुगलेली बॅटरी आधी बाजूला काढली, पेटेल म्हणाला, ही परत लावायचीच नाही. मग वरवर बघून सांगितलं, गेलाय, भंगार. आतला डाटा? तोही गेला समजा. अप्पा माझ्याबरोबर होते. दुकानाबाहेर येऊन ते पायरीवर बसले आणि म्हणाले, नांदेडला मोठी दुकानं असतील की. मी म्हटलं, असतील, पण तुम्ही घरी जा, मी एकटी जाते. ते उठले आणि एसटीत माझ्या आधी चढून बसले.

उदगीर ते नांदेड अख्खा रस्ता लॅपटॉप त्यांच्या मांडीवर होता. उन्हात तापलेली एसटी, खिडकीतून फुफाटा, खोकल्याची उबळ आली की ते तोंड बाजूला वळवायचे आणि दोन्ही हात लॅपटॉपवर ठेवायचे. पुढच्या सीटवरच्या बाईनं लेकराला दुसरीकडे घेतलं. तिला वाटलं असेल, काही लागणीचा आजार आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हे पीठ आहे, तुम्ही खाता तेच.

आधी मी कॉलेजात गेले. सरांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, तारीख माझ्या हातात नाही, परीक्षक बाहेरचे, सगळ्यांचं एकाच दिवशी. चालवून दाखव, नाहीतर पुढच्या वर्षी बस, त्यात काय एवढं? त्यांच्या दृष्टीनं खरंच काही नव्हतं. बाहेर झाडाखाली बसलेल्या अप्पांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, दुरुस्त करून आणा म्हणाले.

नांदेडचं दुकान जिन्यावर, आत थंड. त्या थंडाव्यानं अप्पांचा खोकला उसळायचा म्हणून ते दारात उभे राहिले. दुकानदार माझ्याच वयाच्या आसपासचा. त्यानं मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि थांबला. पंख्यावर, तांब्याच्या नळीवर, सगळीकडं पिठाचा थर होता. ओलीनं त्याचा लगदा झालेला आणि उन्हानं तो लगदा वाळून पापडासारखा तडकलेला.

"ताई, यात कणीक मळली का तुम्ही?"

दुकानातली दोघं-तिघं हसली. अप्पा दारातून पुढे आले.

"पीठ माझं हाय," ते म्हणाले. "तिचं काई न्हाई त्याच्यात. गिरणी माझी हाय. उन्हात मीच ठिवला."

 दुकानदारानं त्यांना स्टूल दिलं, एसी कमी केला. मग मला विचारलं, लॅपटॉप पाहिजे की आतलं पाहिजे? मी म्हटलं, आतलं. तो म्हणाला, आतला मुख्य बोर्ड मेला, त्याचं सोडून द्या. पण तुमचा डाटा बोर्डात नसतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. भीतीनं सगळं डोक्यातून गेलं होतं, तेवढं मात्र त्याच्या बोलण्यानं परत आलं. आम्ही दोघांनी मिळून हार्ड डिस्क बाहेर काढली. मी चिमट्यानं कडेचं पीठ उचललं, त्यानं टोकं पुसली आणि केबलनं ती त्याच्या कॉम्प्युटरला जोडली.

डिस्क आतून टकटक करायला लागली. स्क्रीनवर काही येईना. त्यानं केबल काढून पुन्हा लावली. परत टकटक. अप्पांनी स्टुलावरून विचारलं, "आवाज कशाचा?" मी म्हटलं, फिरायला बघून राहिलीय. ते म्हणाले, मग अडकली न्हाई. आणि मान खाली घालून बसले. ते काय पुटपुटत होते ते मला माहीत आहे, पण ते त्यांचं त्यांचं.

बऱ्याच खटपटीनंतर डिस्क दिसली. माझं फोल्डर होतं. कॉपीला लावलं तर मध्येच अडलं. दुकानदार म्हणाला, जी फाइल अडते ती सोडून पुढची घ्या, नाहीतर डिस्कही जाईल. मी एकेक फाइल उचलत गेले. पाळी जवळ आली की फोनवर कळवायचा भाग, ज्यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले होते, तो आला नाही. बाकीचं आलं. मग डिस्क फिरायची थांबली आणि पुन्हा कधी फिरली नाही.

"आलं का?" अप्पांनी विचारलं.

"आलं," मी म्हणाले. अर्धं खरं होतं.

राहिलेला भाग परत लिहायचा तर नांदेडलाच राहावं लागणार होतं. कॉलेजची लॅब दिवसा उघडी असायची. मी अप्पांना एसटीत बसवून दिलं आणि सांगितलं, मी येईपर्यंत गिरणी बंद ठेवा. ते हो म्हणाले. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. बोटांच्या पेरांत पीठ होतं, आंघोळीनं न जाणारं.

गिरणी बंद ठेवली नाही त्यांनी. मी लॅबमध्ये बसून दवाखान्यातल्या माणसांना उभं राहावं लागू नये म्हणून प्रोग्राम लिहीत होते, आणि तेवढे दिवस अप्पा तोंडाला ओला रुमाल बांधून दळत होते. माझ्या हातची सकाळ त्यांच्या वाट्याला परत गेली होती. फोनवर माय म्हणायची, सगळं बरं हाय. मागून जात्याचा आवाज यायचा. मी विचारलं की सांगायची, शेजारणीचं एक दळण आहे, नाही म्हणता येईना. रोज शेजारणीचं एक दळण. एकदा तिनं मधेच विचारलं, माझ्या माठानं गेलं का गं ते? मी म्हटलं, नाही माय, जुनाच होता. कशानं गेला ते मला आजही ठाऊक नाही. आत पीठ गेलं ते माझ्यामुळं, ओल मायमुळं, ऊन अप्पांमुळं. तिघांनी मिळून चांगलंच करायला घेतलं होतं.

परीक्षकांपुढं मी कॉलेजच्या मशीनवर प्रोग्राम चालवला. फोनवर कळवायचा भाग आधीसारखा नव्हता, पण चालला. त्यांनी विचारलं, ही कल्पना कुठून सुचली? मी म्हटलं, गिरणीतल्या डब्यांवरून. त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी त्यांना पहिल्यापासून समजावून सांगितलं, मान वर करून.

मी गावी गेले तेव्हा अप्पा खाटेवर होते. बसूनच झोपायचे, आडवं झालं की श्वास अडायचा. पुन्हा लातूर, पुन्हा फोटो. या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उरलंय ते सांभाळा.

निकाल फोनवर बघितला. अप्पांना वाचून दाखवला. ते उठले, कपाळाला विभूती लावली आणि भिंत धरत गिरणीत गेले. मी मदतीला पुढे झाले तर हातानं मागे सरक म्हणाले. पट्टा उतरवायला त्यांना फार वेळ लागला. मधे दोनदा खाली बसले. बाहेर एका बाईनं डबा आणून ठेवला होता, ती तसाच डबा उचलून घेऊन गेली. पट्टा खुंटीला अडकवून ते म्हणाले, "झालं."

आता मी लातूरला एका ऑफिसात नोकरी करते. अप्पा आणि माय माझ्याजवळ राहतात. अप्पांचा श्वास परत आला नाही, येणारही नाही. जिना चढवत नाही म्हणून आम्ही खालची खोली घेतली आहे. आमच्या घरात आता गव्हाची पोळी गव्हाची असते आणि ज्वारीची भाकरी ज्वारीची.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले, आणि आमची गिरणी बंद झाली.